ब्राँझचा मास्क

११ फेब्रुवारी

ही वही नाताळात आणली, लिहायला आज बसतोय. मधल्या काळात माउथ ऑर्गन शिकत होतो (अर्धं गाणं येतं). मग अलास्कातल्या मासेमारीच्या बोटींवर काम कसं मिळतं ते वाचत बसलो. मग थंडी पडली, आणि थंडीत माझं पेन चालत नाही. पेन बदलता आलं असतं, पण याच पेनाची सवय आहे.

आता मात्र रोज लिहिणार. पुरस्कार मिळाला की पत्रकार विचारणार, सुरुवात कुठून झाली. तेव्हा आठवत बसायला नको.

तर सुरुवात. लायल व्होग्ट, वय बावीस. प्रेअरी बेंड कॉलेज, कॅन्सस. बेसबॉल. बॅटरच्या मागे मास्क घालून उकिडवा बसतो तो, कॅचर. हे तिसरं कॉलेज. वायोमिंगचं पहिलं वाऱ्यामुळे सोडलं. आर्कान्साचं दुसरं का सोडलं ही मोठी गोष्ट आहे, तिच्यात कलिंगडांचा एक ट्रक येतो. पुन्हा कधीतरी.

ध्येय: हॅनिगन पुरस्कार. देशातल्या सगळ्या कॉलेजांतला सर्वांत चांगला कॅचर. जूनमध्ये विचिटाला मोठं जेवण असतं, तिघांना बोलावतात आणि एकाला ब्राँझचा मास्क देतात. हॅनिगन म्हातारा स्वतः कॅचर होता. बॉल लागून लागून त्याची दहा बोटं दहा दिशांना गेली होती म्हणतात. माझी बोटं अजून सरळ आहेत. एवढी एकच बाजू कच्ची.

आणि एक छोटी अडचण. टीममध्ये अँसेल कीन नावाचा आणखी एक कॅचर आहे. सध्या तो खेळतो आणि मी बुलपेनमध्ये असतो, म्हणजे डाव्या कुंपणामागच्या जाळीच्या पिंजऱ्यात. तिथे बसून बॉल फेकणाऱ्या पिचरांचं अंग गरम होईपर्यंत त्यांचे बॉल पकडायचे. कोच बुखोल्झ म्हणतात, हे काम महत्त्वाचं आहे. म्हणताना ते दुसरीकडे बघतात.

१२ फेब्रुवारी

काही घडलं नाही. पण लिहिलं.

२ मार्च

रोजचं लिहिणं जरा मागे पडलं. कारण अभ्यास. (इतिहासाचं पुस्तक उघडलं, त्यात अलास्का कोणी कोणाला विकलं ते होतं, त्यात आठवडा गेला.)

संकल्प: १. सूर्यफुलाच्या बिया कमी चघळायच्या. २. रोज सकाळी उकिडवं बसायचा सराव. ३. फ्रेमिंग.

फ्रेमिंग म्हणजे कॅचरची खरी कला. बॉल थोडा बाहेरून आलेला असतो. पकडतानाच ग्लव्ह हळूच आत ओढायचा, अंपायरला वाटलं पाहिजे की बॉल नीटच आला होता, म्हणजे तो स्ट्राइक देतो; तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. ही लबाडी नव्हे, मांडणी.

यात मी अँसेलच्या पुढे आहे. तो मान्य करत नाही. तो फारसं बोलतच नाही, नुसता ग्लव्हला तेल चोळत बसतो.

४. शेवटचा बॉल. तिसरा गडी स्ट्राइकआउट झाला की डाव संपतो. मग कॅचर काय करतो? उठतो, बॉल पिचरच्या उंचवट्याकडे सहज घरंगळत सोडून देतो आणि मागे न बघता डगआउटकडे, म्हणजे टीमच्या बाकांकडे, चालू लागतो. हे 'मागे न बघता' फार महत्त्वाचं. हॅनिगनवाले नुसते आकडे बघत नसणार, माणूस चालतो कसा तेही बघत असणार. बुलपेनमध्ये सराव चालू केला. मॅरिसोल, टीमची मॅनेजर, चोवीस तास कंबरेला किल्ल्या लावून हिंडते, ती जाळीबाहेर उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय रे, बॉल पकडायचा पण सराव करतोस ना अधूनमधून?"

तिला यातलं कळत नाही.

९ मार्च

हॅनिगनची पहिली यादी लागली. देशभरातले साठेक कॅचर. प्रेअरी बेंडचं नाव आहे.

अँसेल आहे.

ठीक. कमिटीचं लक्ष आमच्या कॉलेजकडे गेलं, हे मुख्य.

संध्याकाळी बाबांचा फोन. दर रविवारी येतो, जेवणं झाली की. बाबांचा नेब्रास्कात गालिचे धुण्याचा धंदा आहे. पिवळी गाडी, गाडीवर हसणारा गुंडाळलेला गालिचा रंगवलेला. त्यांनी ख्रिसमसलाच सांगितलंय: हा सीझन शेवटचा. काहीतरी करून दाखव, नाहीतर जूनपासून पिवळ्या गाडीत बस. त्या गाडीत मी बालपण काढलंय. इतर पोरं पोहायला जायची तेव्हा मी लोकांच्या सोफ्यांच्या गाद्यांच्या अडकलेल्या चेनी सोडवत बसायचो. बाबांचा त्यात मोठा हात. पक्कड, मेणबत्तीचा तुकडा आणि वर उपदेश: "चेनीशी भांडायचं नाही, लायल. तिला विचारायचं, बाई, तुला कुठे दुखतंय." जगात कुठे उपयोग आहे या ज्ञानाचा?

बाबांनी आज नेहमीचं विचारलं, काय चाललंय. मी म्हणालो, हॅनिगनच्या यादीत प्रेअरी बेंडचा कॅचर आहे.

यात एक अक्षर खोटं नाही. ग्लव्ह जरासा आत ओढला, एवढंच.

त्यांनी हॅनिगनचं स्पेलिंग विचारून घेतलं. मग म्हणाले, "बरं."

१६ मार्च

ताईचा, डेनाचा मेसेज. बाबांनी दुकानासमोरच्या पाटीवरची अक्षरं बदललीत. आधी होतं: वसंतात सोफा धुलाई स्वस्त. आता त्याखाली: लायल, कॅचर, देशाच्या यादीत. डेना विचारतेय, अक्षरं कमी पडली म्हणून त्यांनी धुलाईतला 'ल' काढून तुझ्या नावात घातला, एवढं खरं आहे ना हे?

उत्तर द्यायचं राहिलं. सराव होता.

२३ मार्च

एक गैरसोय झाली. बुलपेनच्या दाराची कडी बाहेरून आहे. काल मॅच संपली, सगळे गेले, मी आतच. मागे न बघता चालायचा सराव करत होतो, त्यामुळे सगळे गेलेले दिसले नाहीत. जाळी उंच. चढलो असतो, पण गुडघे ही कॅचरची ठेव असते, जपावी लागते. माउथ ऑर्गन खिशात होता. अर्धं गाणं बऱ्याच वेळा वाजवलं.

शेवटी मॅरिसोल तिथले टॉवेल न्यायला आली. म्हणाली, "तुला न्यायला नाही आले हां. टॉवेल मोजताना कमी भरले."

पिंजऱ्यातून आमचं मैदान वेगळंच दिसतं. सगळे खेळत असतात, आपण जाळीतून बघतो. जाळीच्या पलीकडे महामार्ग आहे, त्यावरून ट्रक पश्चिमेला जातात. वाटलं, एकाला हात करावा. मग आठवलं की मी आतमध्ये आहे.

कोचना सांगितलं, कडी आतून बसवा. ते म्हणाले, विचार करतो. मॅरिसोलच्या मते ते हे सगळ्यालाच म्हणतात.

३० मार्च, मोटेलमध्ये

गारपीट. बस निघत नाही. अँसेल आणि मी एका खोलीत. खिडकी उघडत नाही, रंग लावताना तीही रंगवून टाकलीय. टीव्हीवर एकच चॅनल, त्यावर गारपीट. खाली नाश्त्याच्या खोलीत दोन्ही वेळा चिली, म्हणजे मांस-राजम्याची तिखट उसळ, आणि दालचिनीचे रोल. आवडतं मला, पण किती.

अँसेल वेळेवर झोपतो, वेळेवर उठतो. असं माणूस सलग बघितलं की जीव गुदमरतो.

त्याला विचारलं, पुरस्कार मिळाला तर काय करशील. म्हणाला, आजीला देईन, तिच्या दारात अडकण लागते. एवढंच. म्हणजे याला इच्छाच नाही. इच्छा नसलेल्याला देऊन काय उपयोग, हे कमिटीला कोणीतरी कळवायला हवं.

लोकांचीही मतं घेतात म्हणे, इंटरनेटवर. ते चालतं कसं हे बघायला म्हणून उघडलं, एका नावावर बोट ठेवलं. अँसेलला मत गेलं. परत घेता येत नाही.

८ एप्रिल

आज बॉल बॅटला चाटून अँसेलच्या अंगठ्यावर बसला. फ्रॅक्चर. प्लास्टर. महिनाभर तरी बाहेर.

वाईट वाटलं. खूपच. (हे लिहून ठेवतोय, पत्रकार विचारतील.)

कोच बुलपेनच्या जाळीशी आले. दोन्ही हात जाळीत अडकवून उभे राहिले. म्हणाले, "व्होग्ट, दुसरं कोणीच नाहीये आपल्याकडे."

एवढा विश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता.

१४ एप्रिल

तीन मॅच झाल्या. खेळ एकंदर चांगला. काही बॉल मागे गेले, पण ते पिचरचे दोष. स्कोअरर मात्र ते माझ्या नावावर लिहितो. त्याच्याशी बोललो. तो आमचा भूगोलाचा प्राध्यापक आहे, म्हणाला, भूगोलातही तुझा असाच वाद होता.

बाबांना सांगितलं, रोज खेळतोय. त्यांनी विचारलं, अंग दुखतं का. यापूर्वी त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, थोडं. ते म्हणाले, "माझेही गुडघे जातात. गालिच्यावर बसून." आणि फोन ठेवला.

२७ एप्रिल, बसमध्ये

क्रमाने लिहितो.

परगावची मॅच. शेवटचा डाव. आम्ही दोन रनांनी पुढे. त्यांचे दोन बाद, तिन्ही बेसवर माणसं. उंचवट्यावर आमचा टोबायस. एक गडी बाद केला की जिंकलो. दोन स्ट्राइक झालेले. मी खूण केली: खाली टाक. त्याने टाकला. बॅटरने बॅट फिरवली, हुकली. तिसरा स्ट्राइक. बॉल माझ्या ग्लव्हमध्ये.

मी उठलो. घाई नाही. बॉल उंचवट्याकडे सोडला, असा घरंगळत गेला की काय सांगू, जन्मात असा गेला नव्हता. मास्क वर केला आणि चालू लागलो. मागे बघितलं नाही.

आणि स्टेडियम उठलं. परक्या गावात, समोरच्या टीमचे लोक, उभे राहून ओरडतायत, टाळ्या वाजवतायत. पहिल्या बेसवरचा आमचा गडी दोन्ही हात हलवून माझ्या नावाने ओरडत होता. मीही हात हलवला. डगआउटच्या पायरीवर वळून मी लोकांना टोपी काढून दाखवली.

पुढचं थोडक्यात. अंपायरच्या मते बॉल माझ्या ग्लव्हमध्ये येण्याआधी मातीला लागला होता. तसं असेल तर बॅटर बाद नसतो. त्याला बॉल लावावा लागतो, नाहीतर बॉल पहिल्या बेसला फेकावा लागतो. तो धावला. बाकीचे तिघेही धावले. बॉल उंचवट्यापाशी पडला होता. तिघे होम प्लेटला पोचले, तीन रन, आम्ही हरलो. मॅच संपली.

मी बघितलं असतं तर दिसलं असतं, पण मी मागे बघत नव्हतो.

कोच बसमध्ये पुढच्या सीटवर आहेत. इतकंच म्हणाले, "हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, व्होग्ट." मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बसला एकच दार आहे. तेही त्यांच्या शेजारी. अजून सव्वाशे मैल.

२९ एप्रिल

कोणीतरी तो प्रसंग इंटरनेटवर टाकला. लाखो लोकांनी बघितलाय. टोपी काढून दाखवतो तो भाग पुन्हा पुन्हा लावलाय, खाली बँडचं संगीत.

चालण्याबद्दल मात्र कोणी वाईट बोललेलं नाही. एकाने लिहिलंय, कसला रुबाब. मूळ मुद्दा माझा तोच होता.

५ मे

हॅनिगन कमिटीचा फोन आला. खरंच. मला. एक बाई होत्या, फार गोड बोलणाऱ्या.

तिघांची नावं ठरलीत. अँसेल आहे, प्लास्टरसकट. माझ्याकडे काम वेगळं होतं. समारंभात जेवणाआधी वातावरण जरा हलकं करायला एक फिल्म दाखवतात, तिच्यात माझा प्रसंग घ्यायचाय. हरकत नाही ना? मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि लगेच सांगितलं, हरकत नाही.

विचारलं, मला बोलावणं आहे का. बाई म्हणाल्या, जागा मर्यादित आहे हो.

रविवारपर्यंत थांबवेना, मीच बाबांना फोन केला. म्हणालो, बाबा, हॅनिगनच्या समारंभात माझी फिल्म दाखवणार आहेत.

मागे मशीनचा आवाज चालू होता. तो बंद झाला. म्हणाले, "मोठ्या पडद्यावर?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

 मग त्यांनी विचारलं, टाय लागतो का तिथे. मी म्हटलं, तुम्ही कशाला धंदा सोडून येता, मीच सांगेन सगळं. ते म्हणाले, "बघतो."

बाबा कुठेच जात नाहीत. माझ्या शाळेपासून एकही मॅच त्यांनी बघितलेली नाही, शनिवारी लोकांचे गालिचे असतात. त्यामुळे काळजी नाही.

ग्लव्ह या वेळी जरा जास्त आत ओढला गेला का? अंपायरने तर स्ट्राइक दिला.

९ मे

अँसेलचं प्लास्टर निघालं. कोचनी मला ऑफिसात बोलावलं. वाटलं, बुलपेनमध्ये परत. तसं नाही, तिथे आता आउटफिल्डचा डॉसन बसणार.

आमच्या टीमचं नाव प्रेअरी डॉग्ज, म्हणजे माळावर बिळं करून राहणारे खारीसारखे प्राणी. त्या प्राण्याच्या वेषात मैदानात नाचणारा मुलगा गालगुंड होऊन घरी गेलाय. कोच म्हणाले, मास्क घालून उकिडवं बसायची सवय तुझ्याइतकी कोणाला नाही.

सारांश: टीममधलं नाव कायम. प्रेक्षकांशी थेट संबंध. आणि कोणाला न कळता खेळाचा जवळून अभ्यास. नीट विचार केला तर ही बढती आहे.

१० मे

वेष घालून बघितला. आतून मागच्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या मुलांचा वास येतो. तोंडाच्या फटीतून दिसतं, तेही फक्त समोरचं. चेन पाठीवर, स्वतःची स्वतःला लागत नाही, काढताही येत नाही. मॅरिसोल लावते. लावताना म्हणाली, "लाज वाटून घेऊ नको. तुला ओळखतंय कोण यात."

बुलपेनला निदान जाळी होती. वारा यायचा.

वेषाखाली टीमचा पूर्ण युनिफॉर्म घालायचं ठरवलं. पायाच्या पॅडसकट. मॅरिसोलने विचारलं, कशासाठी. म्हटलं, तयारी असावी.

१७ मे, दुपार. सामानाच्या खोलीत

लिहायची ही वेळ नाही, पण दुसरं काही करता येत नाही. पेन केसाळ पंज्याच्या दोन बोटांत धरलंय. अक्षर माफ.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. सहावा डाव. अँसेलच्या त्याच अंगठ्यावर पुन्हा बॉल बसला. कोचनी त्याला बाहेर घेतलं, विचिटाच्या जेवणाला त्याला दोन हात असावेत म्हणून. जागी डॉसनला बसवला. डॉसन डोळे मिटून पकडतो. तीन बॉल मागच्या जाळीत गेले, चौथा अंपायरच्या पोटात. अंपायरने कोचना जवळ बोलावून सांगितलं, मला घरी बायको आहे.

मी तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरांबरोबर नाचत होतो. कोच कुंपणाशी आले. प्राण्याच्या तोंडाच्या फटीत तोंड घालून म्हणाले, "व्होग्ट, आत युनिफॉर्म आहे असं मॅरिसोल म्हणते. खरं?"

"खरं, कोच."

"डाव संपायच्या आत हा प्राणी सोल आणि मला कॅचर दे."

म्हणजे झालं. यासाठीच तर. धावत आलो. डोकं निघालं. चेन निघेना. अर्ध्या इंचावर अडकलीय, मधे केस गेलेत. मॅरिसोलने ओढली, मी ओढली, दोघांनी मिळून ओढली, मग तिने पाय माझ्या पाठीवर ठेवून ओढली. कापायचं म्हटलं तर वेष कॉलेजचा आहे, आणि कात्री प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर डगआउटमध्ये, अँसेलच्या अंगठ्यापाशी. ती म्हणाली, "हलू नको, पक्कड बघून येते," आणि किल्ल्या वाजवत पळाली.

हलू कुठे? दार ती ओढून गेली. पंज्यात दाराची मूठ मावत नाही.

बाहेरून आवाज येतोय. डॉसनच्या मागे पाचवा बॉल गेला असावा.

पण आज मन शांत आहे. खरंच. आज बाहेर पडलो आणि नीट खेळलो तर मागचं सगळं धुऊन निघेल. मग पाटीवरची अक्षरं बदलायला नकोत. मग बाबांना जे जे सांगितलं ते ते, मागाहून का होईना, खरं. आज एकही बॉल मातीत गेला तर मी त्याला पोटाशी धरून बसणार, घरंगळत सोडणार नाही. आणि मागे बघणार. प्रत्येक वेळी मागे बघणार. एक चेन फक्त.

किल्ल्या वाजल्या. मॅरिसोल आली. एकटी नाही, कोणाशी तरी बोलतेय. दाराबाहेरूनच मला सांगतेय, "लायल, नशीब काढलंस. पार्किंगमध्ये पिवळी गाडी उभी होती, गालिचेवाले काका आहेत. पक्कड मागितली तर म्हणाले, पक्कड कशाला, मीच येतो, चेनीशी भांडायचं नसतं. टाय सोडून, बाह्या सारून आलेत. फक्त जरा लवकर आटपायचंय त्यांना, नेब्रास्काहून पोराचा खेळ बघायला आलेत."